माझ्या हातातला विळा

माझ्या आजोबांनी आपल्या सख्ख्या मोठ्या भावाला कुऱ्हाडीने मारलं, ही गोष्ट आमच्या घरात कधी लपवली गेली नाही. दारव्हा तालुक्यात, बोरी अरबपासून सायकलने पाऊण तासावर आमचं गाव. दोघा भावांची वावरं एकमेकांना लागून, मध्ये धुरा, म्हणजे बांध. धुऱ्यावरचा हद्दीचा दगड मोठ्या भावाने सरकवला असं आजोबा म्हणत, आणि तूच सरकवलास असं मोठा भाऊ म्हणे. एका दुपारी, कापूस वेचणाऱ्या बायांच्या देखत, आजोबांनी कुऱ्हाड चालवली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. त्या बायांपैकी एक मी मोठी होईपर्यंत जिवंत होती. तिने मला सांगितलं, "माह्या ओटीतला कापूस लाल झालता वं. तो मी तसाच घरी नेला. कुठी टाकावं, समजेच ना."

आजोबांना आम्ही आबाजी म्हणायचो. त्यांना जन्मठेप झाली. तुरुंगात दर रविवारी एक पाळक यायचे, कैद्यांजवळ बसायचे. आबाजींना अक्षर येत नव्हतं, म्हणून पाळकांनी देवाच्या दहा आज्ञा त्यांना दहा बोटांवर शिकवल्या. सुटून आले तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घरच्यांनाही घ्यायला लावला. गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. त्यामुळे आमच्याकडे आज्ञा वऱ्हाडीत होत्या, आबाजींना जशा समजल्या तशा. कोनाचा जीव घ्याचा नाई. कोनाचं उचलाचं नाई. कोनावर खोटं बोट दाखवाचं नाई. संध्याकाळी अंगणात बसून ते एकेक बोट मिटत जात, आणि मी व माझा मोठा भाऊ त्यांच्या मागे म्हणत जात असू.

दरवर्षी पहिल्या वेचणीच्या दिवसांत एक दिवस आबाजी उपास धरत आणि दुपारी भावाच्या घरी जात. मी सात वर्षांची असताना एकदा त्यांच्या मागे गेले. त्यांनी मला हाकललं नाही. ते अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, टोपी काढून हातात धरली. हाक मारली नाही. थोड्या वेळाने मोठी आजी, म्हणजे त्या मेलेल्या भावाची बायको, बाहेर आली. तिच्या हातात चुलीची लोखंडी फुंकणी होती. तिने आबाजींकडे पाहिलं आणि फुंकणी उचलून त्यांच्या खांद्यावर हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्यांदा कानाजवळ लागली आणि त्यांच्या मानेवरून रक्ताची धार आली. ते हलले नाहीत. ती दमली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "जाय आता." आम्ही निघालो.

वाटेत मी विचारलं, "आबाजी, तुमी काहून जाता तिथी?"

"मले इसर पडू नये म्हनून."

"तुमी वाईट हात का?"

ते थांबले. धोतराच्या सोग्याने मान पुसली. "सगळ्याइत असते ते, बाई. पयल्या मानसापासून चालत आलं. बापातून पोरात, पोरातून नातवात. माह्यातलं बाहेर निंघालं."

"माह्यातबी हाये?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मला आबाजी देवासारखे वाटले होते.

माझे वडील तो खून झाला तेव्हा आठ वर्षांचे होते. खुन्याचं पोरगं म्हणून ते गावात वाढले. चुलतभावांनी त्यांना एकदा गोठ्यातल्या दाव्याने बांधून, रक्त ओकेपर्यंत मारलं होतं. आबाजींकडून त्यांनी आज्ञा घेतल्या, पण बोटांवरच्या नाही. त्यांनी दारव्ह्याच्या पेंटरकडून पत्र्यावर दहाही आज्ञा रंगवून आणल्या आणि पत्रा भिंतीला ठोकला. पत्र्याखाली खिळ्याला बैल हाकायची तुतारी टांगलेली असे. वेताएवढी काठी, टोकाला टोचायची बारीक लोखंडी आर.

माझ्या भावाने एकदा शाळेतून खडूचे दोन तुकडे खिशात घालून आणले. तो दहा वर्षांचा असेल. वडिलांनी त्याला पत्र्यासमोर उभं केलं.

"कितवी मोडली?"

"सातवी," भाऊ म्हणाला. तो घाबरला होता.

"कितवी?"

"आठवी."

"मंग आठ. मोज."

भावाने मोजायचं होतं. पाचव्याला तो किंचाळला आणि आकडा चुकला, म्हणून वडिलांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. माय मध्ये पडली, तर काठीचा दांडा तिच्या तोंडावर बसला आणि पुढचा दात तुटून जमिनीवर पडला. मारून झाल्यावर वडील गुडघे टेकून बसले, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. प्रार्थना संपली तेव्हा आम्हा सगळ्यांना आमेन म्हणावं लागलं. मायने तोंडावर पदर दाबून म्हटलं.

आबाजी ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होते. ते आत आले नाहीत. मुलाला अडवायला लागणारं तोंड आपल्याला नाही, असं त्यांना वाटत असावं.

भाऊ सोळा वर्षांचा झाला आणि त्याने चर्चमध्ये येणं सोडलं. मी मात्र कधी मार खाल्ला नाही. मला दहाही आज्ञा क्रमाने, उलट्या क्रमाने, कुठूनही विचारा, येत होत्या. मी शिकले, डी.एड. केलं, बाभुळगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. लग्न केलं नाही. दर रविवारी बोरी अरबला येऊन चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेत असे. पंचवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यावर मी हात उगारला नाही, आणि हे मी लोकांना सांगतही असे. आमच्या घराण्यातलं ते जे काही होतं, ते माझ्यापर्यंत येऊन थांबलं असं मी धरून चालले होते. आज्ञा कशासाठी आहेत असं कोणी विचारलं असतं तर मी स्वतःकडेच बोट दाखवलं असतं.

आबाजी गेले, मोठी आजी गेली, वडीलही गेले. वावर भाऊ करू लागला. धुऱ्यापलीकडे मोठ्या आजीचा नातू, नात्याने आमचा चुलतभाऊच. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं, भांडणही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्याने सरकारी मोजणी मागितली. त्याला विहिरीसाठी अर्ज करायचा होता आणि कागद साफ हवे होते. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले होते, तेव्हा मोजणीवाले आले.

सोयाबीन निघालेलं होतं. तूर फुलावर होती, कपाशीची पहिली वेचणी चालू होती. धुऱ्यावर गवत माजलेलं, त्यामुळे यंत्रातून पलीकडचं दिसेना. भावाने फावडं घेतलं, मी विळा घेतला आणि आम्ही गवत कापून काढलं. चुलतभाऊ आणि त्याची बायकोही त्यांच्या बाजूने कापत होते. तिने मला पाण्याचा गडवा दिला. मी प्यायले.

मोजणी संपली तेव्हा दुपार टळली होती. मोजणीच्या साहेबांनी चुन्याने खुणा केल्या आणि भावाला म्हणाले, "तुमच्याकडं चार तास जास्तीचे निघतात. दगड जुनाच सरकलेला दिसतो."

तास म्हणजे कपाशीची ओळ. चार ओळी, वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या आम्ही पेरत होतो, आमच्या आधी वडील पेरत होते, आणि त्यांच्या आधी आबाजी. दगड सरकला होता त्यांच्या बाजूला.

मोजणीवाले गाडीत बसून निघून गेले. आम्ही चौघं उभे होतो. चुलतभाऊ चुन्याच्या खुणेजवळ उकिडवा बसला, मातीला हात लावला. मग म्हणाला, "म्हंजे माहा आबा खरा होता. खरं बोलला म्हनून मेला."

भाऊ म्हणाला, "झालं ते झालं. चार तास तुहे. घेऊन टाक."

चुलतभाऊ उठला. त्याचे डोळे भरून आले होते. तो भावाशी नाही, माझ्याशी बोलला. "बाई, तुमी त लोकाच्या लेकराले शिकवता. तुमचा बुढा दरसाल आमच्या आंगनात मार खाले येत जाय ना? आमाले वाटे, काय मानूस हाये. माही आजी मरेलोक म्हने, त्याचं मन बदललं. अन् तास? तास त्यानं सोडले का? सगळं नाटक होतं लेकाचं. खुनी त होताच, चोरबी होता. अन् नाटक्या."

मला पुढचं सलग आठवत नाही. आठवतं ते असं. माझ्या कानात घंटा वाजल्यासारखं झालं. माझा हात वर गेला, आणि विळा त्याच हातात होता. त्याने तोंड वाचवायला उजवा हात आडवा धरला. विळा त्याच्या मनगटाच्या वर बसला आणि मी तो खाली ओढला. गवत कापताना ओढतात तसा. कसलीतरी ओली दोरी तुटावी तसा आवाज आला. तो ओरडला नाही. त्याने हाताकडे पाहिलं. त्याची बोटं लोंबत होती आणि मध्ये पांढरं काहीतरी दिसत होतं. मग रक्त उसळलं, माझ्या साडीवर, चुन्याच्या खुणेवर. मी विळा पुन्हा उचलला होता. हे मला चुलतभावाच्या बायकोने नंतर कोर्टात सांगितल्यामुळे कळलं, आणि ते खरं असणार. भावाने मागून माझी कंबर धरून मला खाली पाडलं. पाडताना माझ्या तोंडात माती गेली. मी किंचाळत होते, "मारून टाकीन याले, सोड मले." ती भाषा मी पंचवीस वर्षांत बोलले नव्हते.

त्याची बायको पदर फाडून त्याचा हात बांधत होती आणि गावाकडे तोंड करून हाका मारत होती. ती त्याला धरून वाटेकडे घेऊन गेली.

भावाने माझ्या हातातून विळा सोडवला. त्याचा चेहरा मी इतका शांत कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "आइक. तू काई केलं नाई. विळा माह्या हातात होता."

"मीच मारलं."

"तुही नोकरी जाईन. जेलात जाशीन. आइक मी सांगतो ते." चुलतभावाची कुऱ्हाड त्याच्या बैलबंडीजवळ पडली होती, बाभळीच्या फांद्या तोडायला आणलेली. भावाने ती आणली, डाव्या हाताची बाही वर केली आणि स्वतःच्या दंडावर कुऱ्हाडीचं पातं दाबून ओढलं. दात आवळले. रक्त आलं ते त्याने पात्याला दोन्ही बाजूंनी लावलं आणि कुऱ्हाड आमच्या बाजूला टाकून दिली. "तो कुऱ्हाड घेऊन आला. मले मारलं. मी जीव वाचवाले विळा चालवला. एवढंच."

मी मान हलवली. नाही म्हणायला नाही, हो म्हणायला.

पोलीस ठाण्यात मी जबाब दिला. मी शिक्षिका, माझ्या शब्दाला वजन होतं. ठाणेदारांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी सांगितलं, तो कुऱ्हाड घेऊन धावून आला. कुठून आला, कोणत्या हाताने मारलं, सगळं नीट सांगितलं, मुलांना गोष्ट सांगावी तसं. त्याच्या बायकोने माझं नाव घेतलं होतं, पण जमादार म्हणाला, बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार. भावाला दोन दिवसांत जामीन झाला. चुलतभावावर जिवे मारायच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी शिपाई बसवला. डॉक्टरांनी हात जोडला, पण तीन बोटं पुन्हा मिटणार नाहीत असं सांगितलं.

अकरा दिवस मी गावातच राहिले. त्यातल्या शेवटच्या रविवारी बोरी अरबच्या चर्चमध्ये वर्गावर गेले. मुलांनी आज्ञा म्हणायला सुरुवात केली. सहावी आली, खून करू नको, मुलं मोठ्याने म्हणत होती. आठवी आली. नववीला, खोटी साक्ष देऊ नको, मी उठून बाहेर गेले आणि पुन्हा आत आले नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकांना घरी बोलावलं. पाळक म्हातारे, तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मायसमोरच मी त्यांना सगळं सांगितलं. भाऊ वावरात गेला होता. मी म्हणाले, "पाळकसाहेब, एक सांगा. आमच्या रक्तातच हे आहे, पहिल्या माणसापासून सगळ्यांच्या रक्तात आहे, आणि देवाला ते माहीत आहे. मग जे माणसाला पाळताच येत नाही, ते त्याने सांगितलंच कशाला? आबाजींनी बोटांवर मोजलं, वडिलांनी काठीवर मोजलं, मी तोंडपाठ केलं. कोण सुधारलं?"

पाळक म्हणाले, "मी दवाखान्यात लोकांच्या तोंडात नळी ठेवायचो, ताप बघायची. नळीनं कोणाचा ताप उतरला नाही. एक माणूस तर माझ्यावर चिडला, म्हणाला तुझ्या नळीनंच ताप चढला. पण ज्यानं नळी ठेवूच दिली नाही, मला काही झालं नाही म्हणत हिंडला, तो मेला. बाई, तुम्ही पंचवीस वर्षं समजत होता की तुम्हाला ताप नाही. तुमच्या वडिलांनी त्याच नळीनं दुसऱ्याला टोचलं. आज्ञा माणसाला चांगलं करायला नाही दिल्या. तो आजारी आहे हे त्याला कळावं म्हणून दिल्या. कळलं, तरच तो दुसऱ्या कोणाकडं हात पसरेल."

मी म्हणाले, "कळलं मला."

माय भिंतीला टेकून बसली होती. तिने तोंड उघडलं. "समजलं म्हनून भागते का, पाळकसाहेब? ताप हाये हे समजल्यावर मंग दवाई घ्या लागते. हे त नुसती समजून बसली हाये घरात. अन् तो पोट्टा तिकडं शिपायाच्या पहाऱ्यात पडला हाये."

मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज बदलला. "तुह्या आबाजीले ठाऊक होतं. मराच्या आदी मले सांगतलं त्यानं. म्हने, दगड मीच सरकवला सूनबाई, रातून नाई, दिवसा, भाऊ बाजारात गेलता तवा. अन् त्यालेच चोर म्हनलं. मले म्हने, जीव घेतल्याचं मी देवाजवळ कबूल केलं, मानसाजवळ कबूल केलं, पन तासाचं माह्या तोंडातून निंघत नाई. पोराले सांग, तास वापस दे म्हना."

"तू बाबाले सांगतलं?"

"सांगतलं. तो म्हने, पुन्हा तोंडातून काढलं त गाडून टाकीन तुले त्याच चार तासात. मंग मी चूप राह्यली. तो मेला तरी चूपच राह्यली. मले वाटे, आता काहून उकरा. मी जर बोलली असती त कोनी मोजाले नसतं आलं, अन् तुह्या हातात विळा नसता." ती रडली नाही. "आमच्या घरात सगळ्याइनं एक-एक पाप कबूल केलं अन् एक-एक ठेवून घेतलं. तू ठेवू नोको."

मी जे सांगते आहे ते धर्माचं ज्ञान म्हणून नाही. पण त्या घडीला माझ्यापुढे दुसरी कोणतीच वाट नव्हती आणि एक आज्ञा शिल्लक होती, जी अजून पाळता येत होती. जीव घ्यायला हात उचलून झाला होता. तास उचलून झाले होते. नववी मी मोडली होती, पण ती उलटवता येत होती. आज्ञांचा कायदा मला मारण्यापासून थांबवू शकला नाही. मारल्यावर कुठे जायचं ते मात्र त्याने सांगितलं. आबाजींना तो अर्ध्या वाटेपर्यंत घेऊन गेला होता, बाकीची अर्धी ते चालले नाहीत. त्यांचा मला राग आला, आणि त्या रागाबरोबर त्यांची पहिल्यांदा कीवही आली.

संध्याकाळी भाऊ आला. मी त्याला सांगितलं, उद्या सकाळी ठाण्यात जाते.

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "कायले?"

"खरं सांगाले."

"माह्या हाताचं रक्त पायलं का तू?" त्याने दंडावरची पट्टी ओढून काढली. टाके पडले होते. "हे कोनासाठी काढलं मी? तुह्या देवासाठी काढलं का?"

"माह्यासाठी काढलं. मले ठाऊक हाये."

"मंग?"

"मंग काई नाई. तो जेलात जाऊन राह्यला माह्या बदल्यात."

त्याने मला थोबाडीत मारली. मी भिंतीवर आदळले. पुन्हा मारली. मायने हाक मारली, पण तो थांबला नाही. त्याने भिंतीवरचा तो पत्रा दोन्ही हातांनी उपटून काढला. खिळ्यासकट मातीचा गिलावा खाली आला. पत्रा त्याने गुडघ्यावर वाकवला, वाकेना, तर अंगणात नेऊन दगडाने ठेचला. ठेचताना एकेक आकडा मोजत होता, एक, दोन, तीन, लहानपणी मोजायचा तसा, आणि आठवर येऊन थांबला. मग तिथेच खाली बसला. मी त्याच्याजवळ गेले नाही. माझा ओठ फाटला होता आणि माझ्या हाताला पुन्हा काहीतरी उचलावंसं वाटत होतं. मी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

सकाळी मी ठाण्यात गेले. माय बरोबर आली. ठाणेदार वैतागले. "मॅडम, तुमचा जबाब झाला, केस उभी झाली. आता काहून हे? कोनी धमकी देल्ली का? तोंडाले काय झालं?"

"धमकी कोणी दिली नाही. विळा माझ्या हातात होता. कुऱ्हाड त्याने उचलली नाही. माझ्या भावाने स्वतःला जखम करून घेतली, मला वाचवायला. मी खोटं सांगितलं."

"तुमाले समजते का याचा अर्थ?"

"हो."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि जमादाराला म्हणाले, "लिही बाप्पा." मला खुर्चीवरून उठायला सांगितलं नाही, पण मी उभी राहिले.

मी निलंबित झाले, नंतर नोकरी गेली. चुलतभाऊ सुटला. भावावर खोट्या फिर्यादीचा गुन्हा लागला. कोर्टाने त्याला समज देऊन सोडलं, पण तो त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. काही महिने मी यवतमाळच्या तुरुंगात काढले. तिथे मी पवित्र झाले असं कोणी समजू नये. बायकांच्या बराकीत एका बाईने माझी ओली साडी दोरीवरून काढून चिखलात टाकली, तेव्हा मी तिचे केस धरले होते. दोघींना सोडवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, चूक माझी होती. ती म्हणाली, "पागल हायेस का?" मला आता हे ठाऊक आहे, की ते माझ्यात आहे आणि मरेपर्यंत राहील. पूर्वी ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा मी जास्त धोक्याची होते.

मी आत असतानाच माय गेली. जायच्या आधी तिने भावाला बोलावून त्या चार तासांतली आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला लावली. त्याने उपटली. का, ते मला माहीत नाही. माझ्यासाठी नाही, एवढं नक्की.

सुटल्यावर मी बोरी अरबला एक खोली घेऊन राहिले. मुलांच्या शिकवण्या घेते. ज्यांना माझी गोष्ट माहीत आहे त्यांतले काही मुलं पाठवतात, काही पाठवत नाहीत. चर्चने वर्ग पुन्हा घ्यायला सांगितलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी मुलांना सगळं सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मंग तुमी आज्ञा काहून शिकवता?" मी म्हणाले, "मला लागतात म्हणून." ती हसली.

गेल्या जूनमध्ये आठवडी बाजारात चुलतभाऊ दिसला. एका दुकानापुढे तो एकटाच उभा होता, पायाशी तुरीच्या बियाण्याचं पोतं. पोत्याचं तोंड सुटलं होतं आणि तो डाव्या हाताने ते आवळायला बघत होता. उजव्या हाताची तीन बोटं सरळ, लाकडासारखी, पोत्याच्या काठावरून घसरत होती. तूर रस्त्यावर सांडत होती. लोक बाजूने जात होते.

मी आजवर त्याच्यासमोर गेले नव्हते. कोर्टात त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मला परत फिरावंसं वाटलं. मी गेले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड गच्च धरलं. त्याने माझे हात पाहिले, मग मला. त्याच्या जबड्याची शीर ताठ झाली. मला वाटलं तो लाथ मारेल, आणि मारली असती तर मी उठले नसते.

त्याने सुतळीचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हाताने तोंडाभोवती गुंडाळलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. सुतळी माझ्या बोटांवरून गेली, तर त्याने ती सोडवून पुन्हा घेतली. गाठ मारली, ओढून पाहिली.

"सोड आता," तो म्हणाला.

मी सोडलं. त्याने पोतं खांद्यावर टाकलं आणि ऑटोकडे निघून गेला. मी खाली सांडलेली तूर वेचली आणि दुकानदाराच्या फळीवर ठेवली. मग घरी आले. शिकवणीची मुलं दाराशी उभी होती.